‘लाइकली’ म्हणजे किती आणे?

प्रश्न : मी नंदुरबारला मामांच्या मिरची वाळवायच्या पथारीवर हिशेब बघते. बी. कॉम. झालेय, इंग्रजी बरं आहे, म्हणून हवामान खात्याचं इंग्रजी बुलेटिन वाचून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात. डिसेंबरात त्यात ‘रेन लाइकली’ आलं. मी सांगितलं, उद्या पाऊस येणार. मामांनी जादा मजूर लावून रात्रीपर्यंत सगळी मिरची गोळा करून झाकली. थेंब पडला नाही. पंधरवड्याने पुन्हा तेच शब्द. या वेळी मी म्हटलं, नुसतं लाइकली आहे, काही होत नाही. पहाटे सरी आल्या आणि उताराच्या बाजूची मिरची भिजली. आता मामा म्हणतात, ‘पानी येई का नही, इतलंच सांग.’ शेजारच्या पथारीवरच्या व्यापाऱ्याला मी समजावलं की लाइकली म्हणजे नक्की नव्हे, तर तो हसून म्हणाला, ‘अ लाइकली स्टोरी!’ म्हणजे त्याला पटलं का? या शब्दाचा नेमका अर्थ काय, मराठीत सांगू कसा, आणि मोबाइलवर ४० टक्के दिसतात ते काय?

उत्तर : पहिल्यांदा पाऊस आला नाही म्हणून बुलेटिन चुकलं असं होत नाही, आणि दुसऱ्यांदा आला म्हणूनही नाही. घसरलं ते तुझं सांगणं, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या दिशेला. एकदा तू ‘लाइकली’चा ‘येणार’ केलास, एकदा ‘येत नाही’. त्या शब्दात दोन्हीपैकी काहीच नव्हतं.

रोजच्या इंग्रजीत एखादी गोष्ट लाइकली आहे असं म्हटलं, की ऐकणारा ‘निम्म्याहून जास्त’ असंच समजतो. ‘ही इज लाइकली टू कम’ म्हणजे तो बहुतेक येईल, चहाचं आधण जरा जास्त ठेवा. तू शाळा-कॉलेजात हेच शिकलीस, त्यामुळे पहिल्या वेळची तुझी समजूत कोशातून आलेली होती, तिला मी चूक म्हणणार नाही. पण हवामान खात्याने हा शब्द आपल्या कामासाठी मोजून-मापून ठेवला आहे. देशाच्या रोजच्या इंग्रजी बुलेटिनच्या शेवटी संज्ञांचा खुलासा असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. त्यात शक्यतेच्या चार पायऱ्या आहेत. २५ टक्क्यांखाली ‘अनलाइकली’, २५ ते ५० ‘लाइकली’, ५० ते ७५ ‘व्हेरी लाइकली’ आणि ७५ च्या वर ‘मोस्ट लाइकली’.

आता यातली दुसरी पायरी पुन्हा वाच. नुसतं ‘लाइकली’ असेल तेव्हा पाऊस न येण्याचं पारडंच जड असतं, फार तर समसमान. थेंब न पडणं हे त्या शब्दात आधीच धरलेलं होतं. आणि तरीही चारातली एक किंवा दोनातली एक संधी म्हणजे ‘काही होत नाही’ नव्हे.

हे मामांना टक्क्यांत सांगायला जाऊ नकोस. त्यांच्या पिढीला यासाठी हातातलं माप आहे. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे खिशातून गेले, पण बोलण्यातून गेले नाहीत. ‘बारा आणे काम झालं’, ‘सोळा आणे खरं’ हे आपण आजही म्हणतो. तलाठ्याच्या कागदावर आता ‘पैसेवारी’ असली तरी पिकाची ‘आणेवारी’ किती लागली हाच प्रश्न पारावर असतो. गंमत अशी, की रुपयाचे आणे सोळा आणि खात्याच्या पायऱ्या बरोब्बर चार-चार आण्यांनी चढतात. अनलाइकली म्हणजे चार आण्यांच्या आत. लाइकली, चार ते आठ आणे. व्हेरी लाइकली, आठ ते बारा. मोस्ट लाइकली, बारा आण्यांच्या पुढे. ‘मामा, उद्याचं पाणी चार ते आठ आणे आहे’ असं म्हण, आणि ते काय करतात ते बघ. बहुतेक ते आधी आभाळाकडे बघतील, मग ताडपत्र्यांकडे.

पण आणे सांगण्याआधी वाक्यातल्या आणखी दोन जागा तपासायच्या. मला वाटतं खरा घोटाळा तिथे जास्त होतो.

पहिली जागा: लाइकली काय आहे? बुलेटिनमध्ये ‘हेवी रेन’ असेल तर त्याचा अर्थ २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. ‘हेवी रेन लाइकली’ म्हणजे एवढ्या मोठ्या पावसाची शक्यता चार ते आठ आणे. हलक्या सरींची शक्यता त्याहून पुष्कळ जास्त असणार, कारण मोठ्या पावसाच्या आजूबाजूला लहान पाऊस असतोच. कापसाच्या शेतात तुंबणाऱ्या पाण्याची काळजी असलेल्याला ‘हेवी’ हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या मिरचीला हेवी लागत नाही. तिला दहा मिनिटांची भुरभुर पुरे. तेव्हा ‘हेवी रेन अनलाइकली’ वाचून निर्धास्त झोपलात तर फसाल.

दुसरी जागा: लाइकली कुठे? आपला खानदेश, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार, हवामान खात्याच्या हिशेबात ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतो. त्याच उपविभागात नाशिक, पुणे, सातारा, सोलापूर आणि थेट कोल्हापूरही आहे. सातपुड्याच्या कुशीतल्या अक्कलकुव्याला आणि पंचगंगेकाठच्या कोल्हापूरला एकाच ओळीत बसवलेलं असतं. म्हणून त्या ओळीत ‘अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस’ असे शब्द येतात, ज्याला आपले पेपर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात. तोही मोजलेला शब्द आहे: त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. पुढे २६ ते ५० टक्के केंद्रांवर म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी आणि त्यावर बहुतेक सर्व ठिकाणी. इथेही चार-चार आणेच. तर ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस लाइकली’ हे वाक्य तुमच्या पथारीपुरतं वाचलं तर चार आण्यांहूनही खाली उतरतं. म्हणून उपविभागाची ओळ सोडून नंदुरबार जिल्ह्याचा वेगळा अंदाज निघतो तो बघत जा. पिवळा, नारिंगी रंग त्यातच असतात. मात्र रंग म्हणजे शक्यता नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. किती नुकसान होऊ शकतं आणि ते होण्याचा संभव किती, या दोन्हींचा मेळ घालून तो रंग ठरतो.

शब्दाने सांगितलेली शक्यता प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी उतरते, हा काही फक्त मामा-भाचीचा प्रश्न नाही. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाने एक अहवाल दिला, की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. तो तयार करणाऱ्यांपैकी एक होते शर्मन केंट. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, म्हणजे नक्की किती? केंट म्हणाले, माझ्या मते ६५ विरुद्ध ३५. अधिकारी चमकला, कारण त्याने त्याहून बरंच कमी धरलं होतं. मग केंट यांनी अहवालातल्या त्याच शब्दांना संमती दिलेल्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. कोणाचं उत्तर ८० ला २०, तर कोणाचं थेट उलटं, २० ला ८०. पुढे १९६४ साली त्यांनी हा किस्सा लिहिला आणि कुठल्या शब्दाला किती टक्के, याचा तक्ता सुचवला. हल्ला काही झाला नाही. तेव्हा अख्खं खातं जिथे गोंधळलं तिथे तू गोंधळलीस, याचं एवढं वाईट वाटून घेऊ नकोस.

बरं, एका दारातला तक्ता दुसऱ्या दारात चालत नाही. हवामान बदलावर अहवाल काढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसीने ‘लाइकली’ला ६६ ते १०० टक्के दिले आहेत आणि ‘व्हेरी लाइकली’ला ९० च्या पुढे. शब्द तोच, पण इकडे आठ आण्यांच्या खाली आणि तिकडे साडेदहा आण्यांच्या वर. युरोपातल्या औषधांच्या माहितीपत्रकात तर ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणजे शंभरातल्या एक ते दहा जणांना होणारा. आपण ‘कॉमन’ वाचतो आणि आपल्याला होणारच म्हणून गोळी बाजूला ठेवतो. घरात कोणी रक्तदाबाच्या गोळीचा असला कागद वाचून घाबरलं असेल तर हे त्यांना जरूर सांग.

आता मोबाइलवरचे ४० टक्के. याचे तीन अर्थ मी लोकांकडून ऐकतो: दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस, गावाच्या ४० टक्के भागात पाऊस, किंवा पाऊस ४० टक्के जोराचा. तिन्ही सोडून दे. त्याचा साधारण अर्थ असा, की तू ज्या जागेचा अंदाज उघडलास तिथे, दिलेल्या वेळात, मोजता येईल इतका पाऊस पडण्याची शक्यता ४० टक्के. आजच्यासारखं आभाळ दहा वेळा आलं तर त्यातल्या चार वेळा पडेल, सहा वेळा नाही. ‘मोजता येईल इतका’ म्हणजे किती, हे प्रत्येक अ‍ॅपचं वेगळं असू शकतं. अमेरिकेच्या हवामान सेवेने ती मर्यादा इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे जवळपास पाव मिलिमीटर ठेवली आहे. ऐकायला काहीच नाही वाटत. पण पाव मिलिमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर पाव लिटर पाणी. अर्ध्या वाळलेल्या मिरचीवर तेवढं शिंपडून बघ. रुमालाने पुसून काम भागणार नाही.

मुद्द्याचं आता सांगतो, कारण ‘येई का नही’ हा मामांचा प्रश्नच मुळात त्यांच्या कामाचा नाही. त्याचं उत्तर उद्या रात्री आपोआप मिळणार आहे. आज संध्याकाळी त्यांना ठरवायचं आहे ते मिरची झाकायची की नाही. ते पावसाच्या आण्यांवर ठरतं, आणि त्याहून जास्त मामांच्या स्वतःच्या रुपयांवर. गोळा करायची मजुरी, पुन्हा पसरायची मजुरी, एक दिवसाचं ऊन बुडालं ते, असं सगळं धरून समज झाकण्याचा खर्च १० हजार. आणि न झाकता पाऊस आला तर माल डागी होतो, बुरशी धरते, भाव पडतो. समज नुकसान ८० हजार. खर्च नुकसानीचा आठवा हिस्सा आहे, म्हणजे रुपयाला दोन आणे. मग पावसाची शक्यता दोन आण्यांच्या वर दिसली की झाकायचं. हा साधा भागाकार आहे, बी. कॉम.ला तू याहून अवघड केले आहेस.

लाइकली चार आण्यांपासून सुरू होतं, तेव्हा अशा मालासाठी लाइकली म्हणजे झाका. सहा आण्यांच्या आठ दिवसांचा हिशेब मांडून दाखव. आठही वेळा झाकलं तर खर्च ८० हजार. एकदाही नाही झाकलं तर आठांतल्या तीन दिवशी पाऊस, म्हणजे २ लाख ४० हजार पाण्यात. पाच वेळा मजुरी ‘फुकट’ जाते ती याच हिशेबात बसलेली आहे. म्हणूनच डिसेंबरातल्या पहिल्या वेळी मामांनी मिरची झाकली ते बरोबर केलं, पाऊस आला नसला तरीही. तुझं वाक्य चुकलं होतं, त्यांचं काम नाही. हे त्यांना याच शब्दांत सांग, राग निम्मा उतरेल.

मात्र प्रत्येक ढिगाला हाच हिशेब लावू नकोस. कालच आलेली ओली मिरची ताडपत्रीखाली कोंडली तर ती आतच घामेजते, आणि ते नुकसान झाकण्याच्या खर्चात धरायला हवं. उलट ती अजून ओलीच आहे, थोड्या सरीने तिचं वाळलेल्या मालाइतकं बिघडत नाही. तिथे खर्च २० हजार आणि नुकसान ४० हजार निघालं, तर आठ आण्यांपर्यंत थांबायला हरकत नाही. एकाच रात्री, एकाच पथारीवर, एका बाजूची मिरची झाकायची आणि दुसरीकडची उघडी ठेवायची, हा निर्णय शहाणपणाचा असू शकतो. शेजारचे हसतील, हसू देत. हे आकडे माझ्या मनचे आहेत. खरे आकडे मामांना तोंडपाठ असणार, फक्त तू विचारायला हवंस.

शिवाय एकाच अंदाजावर सगळी रात्र काढायची गरज नाही. आदल्या दिवशी लाइकली दिसलं तर मजुरांना सांगून ठेव, ताडपत्र्या आणि त्यावर ठेवायचे दगड उताराच्या बाजूला आणून ठेव. दुसऱ्या दिवशी खात्याचा ‘नाऊकास्ट’ बघत राहा. तो पुढच्या तीन तासांपुरता जिल्ह्याचा इशारा असतो. तेव्हा आणे वर चढतात किंवा साफ उतरतात. पहाटेच्या सरीला हा उपाय अपुरा पडतो, कारण पहाटे तीनला मजूर कुठून आणणार? म्हणून वाळलेल्या मालाचा निर्णय संध्याकाळीच.

पथारीवर एक वही ठेव. तारीख, बुलेटिनने सांगितलेले आणे, आणि पाऊस आला की नाही. हंगाम संपल्यावर लाइकलीच्या दिवसांची बेरीज कर. चारात एक ते दोनात एक इतक्या वेळा पाऊस आला असेल तर अंदाज चोख, त्यात न आलेले दिवस जास्त असले तरीही. एकाच हंगामात मोजके दिवस मिळतील, तेवढ्यावर खात्याला नापास करू नकोस. दोन-तीन हिवाळे जाऊ देत.

व्याकरणाचं थोडक्यात, कारण तू स्पर्धा परीक्षाही देत असशील असा माझा अंदाज आहे (हा मी आठ ते बारा आणे धरतो). ‘लाइकली’च्या शेवटी ‘ली’ असलं तरी तो मुळात विशेषण आहे. ‘इट इज लाइकली टू रेन’ चालतं, ‘इट इज लाइकली दॅट इट विल रेन’ही चालतं. ‘प्रॉबेबल’ मात्र फक्त ‘दॅट’बरोबर जातं. ‘ही इज प्रॉबेबल टू कम’ लिहिलंस तर गुण गेले. ‘पॉसिबल’मध्ये शक्यतेचं मापच नाही, ते फक्त ‘अशक्य नाही’ एवढं सांगतं; एक पैसाही पॉसिबल आणि पंधरा आणेही पॉसिबल. आपल्या ‘शक्यता आहे’चं दुखणं हेच आहे, म्हणून ‘लाइकली’चं भाषांतर नुसतं ‘शक्यता’ करून थांबू नकोस, शेजारी आणे लिही.

आणि तो व्यापारी. त्याला अजिबात पटलेलं नाही. ‘अ लाइकली स्टोरी’ हे इंग्रजीत नेहमी उपरोधाने म्हणतात, ‘हो का, मार थापा’ या सुरात. इंग्रजी बरं दिसतंय त्याचं. त्याच्याशी वाद घालू नकोस, फक्त त्या पहाटे त्याची मिरची उघडी होती की झाकलेली, ते वहीत लिहून ठेव.

मामांच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर असा चालेल. तुझ्या पथारीप्रमाणे बदलून घे:

‘आज संध्याकाळपासून उद्या सकाळपर्यंत. नंदुरबार जिल्हा, हलका पाऊस, चार ते आठ आणे. जोराचा पाऊस चार आण्यांच्या आत. वाळलेला माल आज दिवस मावळायच्या आत झाकायचा. ओला माल उघडा, ताडपत्री जवळ. रात्री नऊला पुन्हा बघून कळवते.’